चौसष्ट आणि शहात्तर

1968 च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या राजधानीत, डे मॉइन शहरात, शाळकरी मुलींच्या राज्यस्तरीय बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. युनियन-व्हिटन शाळेने एव्हर्ली शाळेला जादा वेळेत 113 विरुद्ध 107 असं हरवलं. विजयी संघाच्या डेनिस लाँगने 64 गुण केले, तर हरलेल्या संघाच्या जेनेट ओल्सनने 76. लाँगचं व्हिटन हे मक्याच्या शेतांमधलं अगदी लहान गाव. त्याच वर्षी तिने एका सामन्यात 111 गुण केले होते, राज्य स्पर्धेतल्या एका सामन्यात 93, आणि शाळा संपेपर्यंत तिची एकूण बेरीज 6,250 वर पोचली. 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने एनबीएच्या खेळाडू-निवडीत तेराव्या फेरीत तिचं नाव घेतलं. एनबीएचे आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी ती निवड रद्द ठरवली. अशा शाळकरी खेळाडूचा सन्मान करावा का, केला तर नेमका कशाचा, आणि त्याची नोंद कुठे ठेवावी, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. तो सोडवायला आपल्याकडची जुनी रीत मला सोयीची वाटते: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. उत्तरपक्ष माझा आहे. पूर्वपक्षाला मुद्दाम दुबळं करायचं नाही, हा या रीतीचा नियम मी पाळला आहे, कारण त्यातले काही आक्षेप मला स्वतःलाही खरे वाटतात.

पूर्वपक्ष : मला खेळाचं वावडं नाही. शाळेतल्या खेळाला शाळेचं माप लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी तिच्याच वयाच्या मुलींसमोर खेळते. समोरच्या कित्येक जणी वर्ष-दोन वर्षांत चेंडू हातात धरायच्या थांबणार असतात. त्या सामन्यातल्या गुणांना विक्रम म्हणायचं, तिच्या जर्सीचा क्रमांक कायमचा राखून ठेवायचा, व्यायामशाळेच्या भिंतीवर नाव कोरायचं, हे सगळे व्यावसायिक खेळाचे रिवाज तुम्ही शाळेत आणून बसवले आहेत. खरी कसोटी शाळेनंतर लागते. तिथे ती टिकली तर जरूर मान द्या. आज घाई कशाला?

उत्तरपक्ष : शाळेतला खेळ म्हणजे नंतरच्या खेळाची तयारी, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरं नाही. अमेरिकेत शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी मोजकीच पुढे महाविद्यालयीन संघात पोचतात, आणि व्यावसायिक संघापर्यंत जाणारे तर हजारांत एखादे. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक मुलांसाठी शाळेचा शेवटचा सामना हाच त्यांच्या स्पर्धात्मक खेळाचा शेवट असतो. तयारीच्या नावाखाली त्याचं मोल पुढे ढकललं, तर ते कधीच कुणी मोजणार नाही. लाँगच्या बाबतीत हे आणखी ठळक होतं. ती शाळेतून बाहेर पडली तेव्हा स्त्रियांच्या महाविद्यालयीन खेळाला बळ देणारा 1972 चा कायदा आलेला नव्हता. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचं बास्केटबॉल 1976 मध्ये आलं. एनबीएच्या पाठिंब्याची स्त्रियांची व्यावसायिक लीग 1997 मध्ये सुरू झाली. नंतर टिकून दाखव, असं तुम्ही तिला सांगाल; पण ते दाखवायला तिला मैदान कुठलं होतं? वॉरियर्सच्या मालकांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मुलींचे काही संघ जमवले, त्यांचे सामने पुरुषांच्या सामन्यांआधी होत. तिथे ती काही काळ खेळली, परत आली, शिकली आणि औषधनिर्माता झाली. तुमची कसोटी लावली तर 6,250 गुणांची ही मुलगी नापास ठरते, आणि त्यात तिच्या खेळाचा काहीच दोष नाही. म्हणून माझी पहिली मागणी अशी की जे ज्या पातळीवर घडलं, त्याचा मान त्याच पातळीवर, तिथल्याच मापाने आणि पूर्ण द्यावा. राज्यस्तरीय शालेय स्पर्धेचा अंतिम सामना ही आपल्या परीने एक पुरी गोष्ट आहे. त्याला अर्थ यावा म्हणून आणखी कुठल्या मोठ्या सामन्याची वाट पाहावी लागत नाही.

पूर्वपक्ष : मुलांच्या मनाचं काय? लेनी कुक हे नाव तुम्हाला ठाऊक असेल. 2001 च्या सुमारास अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलपटूंच्या क्रमवारीत तो अगदी वर होता, पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लेब्रॉन जेम्सच्याही वर. भोवती बूट कंपन्यांची शिबिरं, दलाल, कौतुक करणारे वार्ताहर. 2002 मध्ये त्याने महाविद्यालयाचा रस्ता सोडून थेट एनबीएच्या निवडीत नाव दिलं आणि एकाही संघाने त्याला घेतलं नाही. त्याच्यावर पुढे माहितीपट निघाला. तो पाहून कुणालाही वाईट वाटेल. इतक्या लहान वयात इतका मान मिळाला की मूल त्या मानाच्या उंचीवरून स्वतःकडे पाहू लागतं. तुम्ही सन्मान म्हणता, मला त्यात ओझं दिसतं.

उत्तरपक्ष : कुकबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे, आणि माझ्या मते तेच माझ्या बाजूचं सर्वांत मोठं उदाहरण आहे. कुकने जे केलं होतं, त्याबद्दल त्याला मोठं कुणी म्हणतच नव्हतं. तो पुढे काय होईल, याची बोली लागली होती. शिबिरांतल्या क्रमवाऱ्या कुठल्या शाळेने कुठला सामना जिंकला ते सांगत नाहीत. कोण किती किमतीचा ठरेल याचा तो अंदाज असतो. लेब्रॉनचंच पाहा. फेब्रुवारी 2002 मध्ये, तो अकराव्या इयत्तेत असताना, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने त्याला मुखपृष्ठावर घेऊन दैवाने निवडलेला मुलगा ठरवलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात त्याची शाळा, ओहायोतल्या ॲक्रनची सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी, राज्याचा अंतिम सामना हरली. त्याआधीच्या दोन्ही वर्षी आणि नंतर 2003 मध्ये त्याच शाळेने राज्य विजेतेपद मिळवलं होतं. चार वर्षांत तीन विजेतेपदं हे प्रत्यक्ष केलेलं काम आहे, आणि त्यासाठी शाळेने त्याचा 23 क्रमांक राखून ठेवला तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. मुखपृष्ठावरचं भाकीत खरं ठरलं म्हणून ते योग्य होतं, असं कुणी म्हणेल. पण कुकबद्दलचं भाकीतही त्याच माणसांनी, त्याच पद्धतीने, तेवढ्याच खात्रीने केलं होतं. एक फळलं आणि एक फसलं, एवढाच फरक. झालेल्या सामन्याबद्दल दिलेला मान मुलाकडून काही मागत नाही. तो सामना संपलेला असतो, त्यातला निकाल आता कुणी बदलू शकत नाही, आणि उद्या त्या मुलाचा घोटा मुरगळला तरी कालचे गुण कमी होत नाहीत. ओझं येतं ते उद्याच्या नावाने दिलेल्या हाराचं.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती मला अजून खटकते. जानेवारी 2003 मध्ये एका दुकानाने लेब्रॉनला जुन्या खेळाडूंच्या दोन जर्सी दिल्या. किंमत 845 डॉलर. दुकानाच्या भिंतीवर त्याचे फोटो लावता यावेत, हा त्यामागचा हेतू. ओहायोच्या शालेय क्रीडा संघटनेने त्याला खेळायला अपात्र ठरवलं. शेवटी न्यायालयाने शिक्षा दोन सामन्यांवर आणली. त्याच मोसमात त्याच्या शाळेचे सामने देशभरच्या दूरचित्रवाणीवर दाखवले जात होते आणि त्याच्या नावावर तिकिटं विकली जात होती. हौशी खेळाचा नियम असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या व्यवस्थेने मुलाच्या भविष्याचा बाजार मांडला, तिने त्याच्या हातातल्या दोन शर्टांवर नेमकं बोट ठेवावं, यात शाळेच्या खेळाची जपणूक कुठे झाली, ते मला कळत नाही.

पूर्वपक्ष : ठीक. भाकीत वेगळं आणि सन्मान वेगळा, हे मानलं. मग तुमच्या लाँगचं बघू. ती जो खेळ खेळली त्याला बास्केटबॉल म्हणायचं का? आयोवात मुलींचा खेळ सहा-सहा जणींचा होता. तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. चेंडूचे दोनच टप्पे घ्यायचे, मग पास द्यायचा किंवा बास्केट करायची. बास्केट करण्याचा अधिकार फक्त फॉरवर्डना. बायकांना दमणूक झेपत नाही अशा जुन्या समजुतीतून हे नियम आले. अशा खेळात एका मुलीचे शंभर गुण होणारच. 1987 मध्ये लिन लॉरेन्झनने 6,736 गुणांपर्यंत मजल मारली, म्हणजे लाँगचा आकडाही मागे पडला. हे आकडे नियमांनी निर्माण केले आहेत. त्यांना पाच जणींच्या खेळाशेजारी कसं मांडायचं?

उत्तरपक्ष : शेजारी मांडूच नये. तुलना करायची असेल तर लाँगची लॉरेन्झनशी करा, ओल्सनशी करा. ज्यांनी तीच रेषा पाळली, तेच दोन टप्पे घेतले, त्यांच्याशी करा. पाच जणींच्या खेळातल्या खेळाडूशी केली तर दोघींवर अन्याय. नियम कुठून आले हे तुम्ही बरोबर सांगितलंत, पण ते सांगून झाल्यावर गोष्ट संपत नाही, कारण त्या नियमांचं आयोवातल्या लोकांनी काय केलं ते अजून सांगायचं आहे. 1925 मध्ये मुलांच्या क्रीडा संघटनेने मुलींच्या राज्य स्पर्धेतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. ही स्पर्धा 1920 पासून चालू होती. तेव्हा लहान गावांमधल्या शाळांच्या अधिकाऱ्यांनी मुलींसाठी स्वतंत्र संघटना काढली. मोठ्या शहरांमधल्या शाळा पुढची कित्येक दशकं मुलींना स्पर्धेत उतरवत नव्हत्या. खेडी उतरवत होती. देशात बऱ्याच ठिकाणी मुलींचा खेळ बंद पाडला जात असताना या राज्यात मुलींच्या अंतिम सामन्याला सभागृह भरून लोक येत, सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जात, आणि गावातली लहान मुलगी मोठेपणी फॉरवर्ड व्हायचं स्वप्न बघे. ज्या बंधनातून हा खेळ जन्मला त्याबद्दल चीड यायलाच हवी. पण त्या बंधनाच्या आत मुलींनी जे कौशल्य घडवलं, ते बंधनाने दिलेलं नव्हतं. दोन टप्प्यांत तीन गार्डना चुकवून चेंडू जाळीत घालायचा म्हणजे पायांची चाल आणि हाताची फेक दोन्ही पक्की लागतात. 64 किंवा 76 गुण रेषेने केले नाहीत. तीच रेषा राज्यातल्या शेकडो फॉरवर्डसमोर होती, आणि त्यांच्यापैकी फार थोड्या तिथवर पोचल्या.

उसन्या मापाचा धोका वॉरियर्सच्या त्या निवडीत उघड दिसतो. एनबीएने नाव घेतलं म्हणून लाँगची बातमी देशभर गेली. आजही तिची ओळख बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या संघाने निवडलेली पहिली स्त्री अशीच करून दिली जाते. पण त्या संघात तिला खेळवायचा विचार कितपत गंभीर होता, याबद्दल तेव्हाही शंका होतीच, आणि आयुक्तांनी निवड रद्द केल्यावर तो विषयच मिटला. म्हणजे तिच्या नावावर सगळ्यांत प्रसिद्ध असलेला मान हा तिच्या कुठल्याही सामन्याचा नाही. तो मोठ्या व्यवस्थेने छोट्या व्यवस्थेकडे टाकलेला एक कटाक्ष होता. डे मॉइनच्या सभागृहात तिला पाहणाऱ्या लोकांना तिची चाल, तिची फेक, तिच्यासमोरच्या गार्डची धडपड सगळं कळत होतं. त्यांनी दिलेला मान मला अधिक खरा वाटतो. याच राज्यात 2024 मध्ये असाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क गुणांचे विक्रम मोडत होती. महाविद्यालयीन खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या नोंदीत विक्रम केल्सी प्लमच्या 3,527 गुणांचा होता. पण त्याआधी, स्त्रियांचे सामने एनसीएएच्या अखत्यारीत येण्यापूर्वी, कॅन्ससच्या लिनेट वुडर्डने 3,649 गुण केले होते, आणि एनसीएएच्या वहीत त्यांना जागा नव्हती. क्लार्कच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांनी जाहीरपणे सांगितलं की खरा विक्रम वुडर्डचाच आहे. आपल्याच खेळाडूच्या कौतुकाच्या दिवसांत त्यांनी हे सांगितलं, आणि त्यामुळे क्लार्कचा मान कणभरही कमी झाला नाही. वही कुणाच्या हातात आहे यावर मान ठरू लागला की अशी माणसं लागतात.

पूर्वपक्ष : तुम्ही प्रत्येक गुणाला त्याच्या परिस्थितीत बसवून त्याचा बचाव करू शकता, असं दिसतं. मग डॅनी हीटरचं काय कराल? 26 जानेवारी 1960, वेस्ट व्हर्जिनियातलं बर्न्सव्हिल गाव. समोर वायडन नावाच्या कोळसा-खाणीच्या वस्तीतली शाळा. हीटरने एका सामन्यात 135 गुण केले. निकाल 173 विरुद्ध 43. प्रशिक्षकांनी आधीच ठरवलं होतं की चेंडू फक्त त्यालाच द्यायचा, कारण मुलगा गरिबाघरचा होता आणि मोठा आकडा वर्तमानपत्रांत आला तर शिष्यवृत्ती मिळेल. अमेरिकेतल्या मुलांच्या शालेय खेळात एका सामन्यातला हा सर्वाधिक गुणांचा विक्रम अजून तसाच आहे. दूर कशाला जायचं? आपल्याकडे जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या शालेय क्रिकेटमध्ये प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या. त्याच्या संघाने 3 बाद 1465 वर डाव सोडला. समोरच्यांचे डाव 31 आणि 52 धावांत संपले. देशभर सत्कार झाले, मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा शिष्यवृत्ती दिली, आणि पुढे कामगिरी अपेक्षेला उतरत नाही म्हणून ती त्याच्या घरच्यांनीच परत केली. हे सगळे केलेल्या कामाचेच सत्कार होते ना?

उत्तरपक्ष : हा तुमचा सर्वांत बळकट आक्षेप आहे. इथे माझ्या बाजूला आणखी एक अट घालावी लागते. बर्न्सव्हिलच्या त्या सामन्यात 135 आकडा खरा आहे, पण सामना खरा राहिला नव्हता. हीटरच्या संघाने बचावात झटून चेंडू हिसकावायचा, पुन्हा त्यालाच द्यायचा, आणि समोरचा संघ हरून गेल्यावरही थांबायचं नाही, असा तो प्रकार होता. प्रशिक्षकांचा हेतू दयेचा होता, हे मी मान्य करतो. त्या गावात खाणीचं काम अस्थिर होतं आणि शिक्षण हाच बाहेर पडायचा रस्ता. पण त्या आकड्याने हवी ती शिष्यवृत्ती आणून दिली नाही, आणि हीटरने पुढच्या आयुष्यात त्या रात्रीबद्दल संकोचच बोलून दाखवला. कुकच्या बाबतीत जे दिसलं तेच इथे पुन्हा दिसतं: खेळ भविष्याच्या सोयीसाठी वापरला गेला. फरक इतकाच की इथे बोली बाजाराने लावली नाही, आपल्याच प्रशिक्षकांनी लावली. 1990 मध्ये कॅलिफोर्नियात लिसा लेस्लीने एका शालेय सामन्याच्या पहिल्या अर्ध्यातच 101 गुण केले आणि समोरचा संघ दुसऱ्या अर्ध्यासाठी उतरलाच नाही. लेस्ली पुढे ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारी थोर खेळाडू झाली, आणि तिच्या मोठेपणात त्या 101 चा वाटा मला तरी दिसत नाही.

म्हणून माझी कसोटी अशी आहे. सत्काराचं मानपत्र लिहिलं की ते आधी प्रतिस्पर्धी संघासमोर ठेवा आणि त्यांना सही करायला सांगा. एव्हर्लीच्या मुलींना 1968 च्या सामन्याचं मानपत्र दिलं असतं, तर त्या रागावल्या असत्या, रडल्याही असत्या, पण सही करायला त्यांना अडचण नव्हती. जादा वेळेपर्यंत झुंज दिलेला सामना होता आणि सर्वाधिक गुण त्यांच्याच ओल्सनचे होते. वायडनच्या मुलांकडून तशी सही मागायची हिंमत बर्न्सव्हिलमधल्या कुणाला झाली असती, असं मला वाटत नाही. जिथे सही मागता येत नाही तिथे आकडा वहीत राहू द्या, कारण घडलेलं खोडायचं नसतं. हार मात्र घालू नका. प्रणवच्या बाबतीत मी त्या मुलाला दोष देणार नाही. समोर आलेला चेंडू खेळणं हे त्याचं काम होतं, आणि दोन दिवस एकाग्रतेने खेळत राहणं सोपं नसतं. चूक मोठ्यांची. त्या धावा झाल्या-झाल्या त्यांनी त्याच्या हातात पुढच्या वर्षांचा करार ठेवला. मैदान किती लहान होतं, समोरचा संघ किती दुबळा होता, हे मानपत्रात लिहून त्या दोन दिवसांपुरता सत्कार केला असता, तर त्याला काही परत करायची वेळ आली नसती.

पूर्वपक्ष : मग संघाचं काय? बास्केटबॉल एकट्याने खेळता येत नाही. आयोवाच्या त्या खेळात तर तीन मुली अशा, ज्यांना बास्केट करायला परवानगीच नव्हती. त्यांच्या नावापुढे कधी एक गुणही लागला नाही. तुम्ही आकड्यांच्या भोवती सन्मान उभा केलात की त्या मुली आपोआप अंधारात जातात.

उत्तरपक्ष : जातात, हे खरं आहे, आणि इथे आयोवाकडून शिकण्यासारखं काही आहे. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी निघे, त्यात फॉरवर्ड आणि गार्ड दोघींना जागा असे. ज्या खेळाडूच्या नावावर गुण असूच शकत नाही, तिचा खेळ मोजायचा कसा, हे तिथल्या लोकांना ठरवावं लागलं: तिने समोरच्या फॉरवर्डला किती रोखलं, किती चेंडू हिसकावले, अर्ध्या रेषेपलीकडे चेंडू किती नेमका पोचवला. पाच जणांच्या खेळात बचाव करणारा खेळाडूही अधूनमधून गुण करतो, त्यामुळे आपण त्याला गुणांवरच तोलतो आणि तो कायम हलका भरतो. सहा जणींच्या खेळाने लोकांच्या नजरेला दुसरं वळण लावलं. लाँगची नात्यातली बहीण सिंडी तिच्याच संघात फॉरवर्ड होती. युनियन-व्हिटनच्या 113 मधले डेनिसचे 64 सोडले तर उरलेले 49 इतर फॉरवर्डचे होते. आणि दुसऱ्या अर्ध्यातल्या गार्डनी एव्हर्लीला 107 वर रोखलं नसतं, तर 64 चं काय झालं असतं? ज्या मानपत्रात एकाच खेळाडूचं नाव आहे ते अपुरं आहे, असं मी म्हणेन. खेळाडूचा मान कमी न करता त्यात बाकीच्यांची नावं आणि कामं लिहिता येतात. तेवढी एक-दोन वाक्यं जास्त लागतात.

पूर्वपक्ष : आणि जी मुलगी गणितात पहिली आली, जिने नाटकाची वेशभूषा रात्र जागून शिवली, तिला कुणी सभागृहात बोलावतं का?

उत्तरपक्ष : बोलवायला हवं, आणि बोलावत नाहीत ही शाळेची उणीव आहे. पण ती भरून काढायला खेळाडूला बसवून ठेवण्याची गरज नाही. मान ही काही एका भांड्यातली वस्तू नाही, की एकीला वाढली तर दुसरीला कमी पडेल. यापुढे या आक्षेपात मला फारसं काही दिसत नाही.

पूर्वपक्ष : शेवटचं विचारतो. तुमचे सगळे सन्मान टिकणार कुठे? शाळाच राहत नाहीत. न्यूयॉर्कची पॉवर मेमोरियल, जिथे लू अल्सिंडॉर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, शिकला आणि जिच्या संघाने त्याच्या काळात सलग 71 सामने जिंकले, ती शाळा 1984 मध्ये बंद पडली. आयोवातली शेती यंत्रांवर गेली, गावं रिकामी होत गेली, शाळा एकमेकींत मिसळल्या. युनियन आणि व्हिटन या गावांची आता शेजारच्या गावांसह एकच शाळा आहे. तिच्या नावात पाच गावांची आद्याक्षरं तेवढी आहेत. आयोवातला सहा जणींचा खेळही 1993 मध्ये बंद झाला. त्याला न्यायालयात आव्हान देणाऱ्या मुलींचं म्हणणं होतं की या खेळामुळे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्त्या हुकतात, आणि ते चूक नव्हतं. ज्या भिंतीवर जर्सी टांगायची ती भिंत नाही, ज्या नियमांनी गुण झाले ते नियम नाहीत. आता कुणाचा सन्मान आणि कुणासमोर?

उत्तरपक्ष : खेळ बदलला ते बरंच झालं. त्या मुलींना पूर्ण कोर्टवर धावायचा हक्क होताच, आणि त्यांच्या शिष्यवृत्त्यांचा प्रश्नही खरा होता. पण खेळ गेला म्हणून त्यातली कामगिरी रद्द होत नाही. उलट, भिंती जातात हे तुम्ही दाखवून दिल्यावर नोंदीचं काम अधिक निकडीचं होतं. शाळेच्या सभागृहातली जर्सी शाळेबरोबर जाते. राज्याच्या संघटनेकडे असलेली गुणपत्रिका, तिथे जपलेली सन्मानितांची यादी, सामन्याचं वर्तमानपत्रातलं वृत्त, हे मागे राहतं. आज आपण लाँगच्या 64 आणि ओल्सनच्या 76 गुणांबद्दल वाद घालू शकतो, तो त्या नोंदींच्या जोरावर. म्हणून शाळकरी खेळाडूचा सत्कार करताना मी आधी कागदाकडे पाहीन. त्यात सामन्याची तारीख असावी, मैदान कुठलं ते असावं, त्या वर्षीचे नियम दोन ओळींत असावेत, समोरचा संघ कोणता आणि त्याच्याकडून कोण चांगलं खेळलं ते असावं, आपल्या संघातल्या सगळ्यांची नावं असावीत. पुढे काय होईल याबद्दल एक शब्दही नको.

पूर्वपक्ष : आणि हरलेल्या संघाने अढीने सही नाकारली तर? सतरा वर्षांची मुलं आहेत. राग असतो, गावागावांतली जुनी भांडणं असतात.

उत्तरपक्ष : असतात. तेव्हा सही नाकारणाऱ्यांना कारण लिहायला सांगा. समोरच्या संघाने खेळ सोडून आकड्यामागे धाव घेतली, निकाल लागून गेल्यावरही आपल्या दमलेल्या मुलांवर दाब चालू ठेवला, असं ते लिहीत असतील, तर प्रशिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी तो कागद समोर ठेवून विचार करावा. नुसता राग असेल तर तो कारण लिहिताना कळून येतो, आणि मग सत्कार त्या सहीविना करावा. कागदाच्या खाली मात्र त्यांची जागा राखून ठेवावी. वर्ष-दोन वर्षांनी शाळा सोडताना, किंवा त्याहूनही उशिरा, त्यातलं कुणी येऊन सही करून जाईल. आणि ते आलं नाही, तरी त्या सामन्यात दुसरा संघ होता, हे त्या रिकाम्या जागेवरून वाचणाऱ्याला कळेल.